हंसाबाईंच्या गाठीचा ठोकळा

मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे. मुठीत सहज मावतो, पण माझा राग कुठेच मावत नाही. माझ्या पोटात हंसाबाईंच्या मूत्राशयातल्या गाठीचा तुकडा आहे.

हंसाबाई महागावकडच्या एका तांड्यात राहतात. त्यांच्या लघवीतून रक्त जायचं, पण दुखत नव्हतं. म्हणून घरच्यांनी ते उष्णतेवर ढकललं. शेवटी यवतमाळला डॉक्टरांनी दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. तिचा तुकडा वितळलेल्या मेणात बसवला, मेण थिजलं आणि मी जन्मलो. माझा पातळ काप काचेवर पाहून निदान झालं. कर्करोग होता, पण अजून वरवरचा. माझं काम संपलं आणि मी तिथल्या प्रयोगशाळेच्या खणात धूळ खात पडलो.

पुढे पुसदची निशिगंधा इथे संशोधनाला आली. तिने माझे नवे काप घेतले. मित्रांनो, पेशीत आरएनए नावाच्या चिठ्ठ्या असतात. काय बनवायचं ते त्यांत लिहिलेलं असतं. काही प्रथिनं या चिठ्ठ्या धरून ठेवतात, काही त्या वेळेवर मोडीत काढतात. माझ्यात धरून ठेवणारं एक प्रथिन बेसुमार झालं होतं. 'वाढा, वाढा' सांगणारी चिठ्ठी ते नष्टच होऊ देत नव्हतं.

काप रंगवल्यावर काचेवर ते प्रथिन गर्द तपकिरी उमटलं. नागपूरच्या परिषदेत त्याचं चित्र पडद्यावर झळकलं, टाळ्या पडल्या. "काय सुंदर रंग आलाय!" निशिगंधाचे मार्गदर्शक सर परत येऊन सांगत होते. सुंदर? अहो, त्या रंगामागे एक बाई होती!

निशिगंधाने विचारलं, "सर, हे बाई तपासणीले येते का?"

"आपल्यासाठी तो नमुना आहे, निशिगंधा."

"नमुना कायले, सर? माणूस आहे ते! अशी गाठ परत येते. दुर्बिणीनं पाहत राहा लागते."

 मग सरांनीच नंबर शोधून घरी फोन लावला. हंसाबाईंचे यजमान उत्तमसिंग बोलले, "रक्त त दिवाळीपासून पुन्हा जाऊन राह्यलं, साहेब. पण गाठ त काढली होती नं?"

हंसाबाई आल्या, पण उशीर झाला होता. रोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचला होता. जीव वाचला, मूत्राशय गेलं. आता पोटाला लघवीची पिशवी असते.

बऱ्या झाल्यावर त्या प्रयोगशाळेत आल्या. निशिगंधाने त्यांना सगळं खरं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला. त्या सरांकडे वळल्या.

"मी त इचारलं होतं, परत या लागते का? मले डॉक्टर म्हणे, गाठ निंगाली, जा घरी. तुमाले टाळ्या घ्यायले टाइम होता, अन् मले एक गोष्ट सांगायले नव्हता?"

"चूक झाली, बाई," सर खाली मान घालून म्हणाले.

"माझं त गेलं. आता दुसरीले त सांगसान!"

मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. लघवीत रक्त दिसलं की, दुखो वा न दुखो, तपासून घ्या. गाठ काढली तरी परत कधी यायचं ते विचारा. आणि नीट उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांच्या दारातून हलू नका.