मोजणीबाईंचा नमुना

तपासणी केंद्रात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं सेहेचाळीस. तेवीस आईकडची, तेवीस बापाकडची. शरीर कसं घडवायचं, कसं चालवायचं, तो सगळा मजकूर त्यांच्यात. धुतलेले मोजे लावावेत तशी बाई ती पडद्यावर क्रमांकाप्रमाणे जोडीजोडीने लावत. एखादं कमी-जास्त निघालं की कुणाचं तरी घर हादरे.

गुणसूत्रं दिसावीत म्हणून दिलेला रंग नीट बसला का हे पाहायला दर खेपेला एक निरोगी नमुना सोबत ठेवावा लागे. अकरा वर्षं ते रक्त बाईंचंच. गुणसूत्रांवर रंगाचे पट्टे स्वच्छ उमटले की झालं, मोजतंय कोण? "बिघडलंच असेल तर माझं डोकं, रक्त नाही," असं म्हणून त्या हसायच्या.

त्या दुपारी नवा रंग आला. त्याची परीक्षा म्हणून बाईंनी आपलाच नमुना जोडायला घेतला. एकविसाव्या जोडीतलं एकच निघालं. सांडलं असेल, म्हणून दुसरी पेशी घेतली. मग तिसरी. वीस पेशी झाल्या तरी आकडा पंचेचाळीसच. हरवलेलं एकविसावं चौदाव्या जोडीतल्या एकाच्या डोक्यावर चिकटून बसलं होतं.

मजकूर गेला नव्हता, फक्त जागा बदलली होती. म्हणून बाई धडधाकट. पण अशा आईकडून मुलांना वाटणी होताना गडबड होते. एखादं जास्त जातं, एखादं जातच नाही, आणि पुष्कळदा गर्भ टिकत नाही.

आणि हीच जोडणी बाईंच्या लेकीतही उतरलेली असू शकत होती. लेकीचे दोन गर्भ गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच नवरा-बायकोचं रक्त तपासायला सांगितलं होतं. बाईंनीच ते उडवून लावलं होतं, "आपल्यात असलं काही नाही. माझं रक्त रोज माझ्या डोळ्यांखालून जातं." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा मिरवणाऱ्या बाई स्वतः. आता लेकीला तिसरा महिना होता.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"आई, आज ठोके ऐकले! डॉक्टर पुन्हा त्या तपासणीचं म्हणत होत्या. मी म्हटलं, माझी आई त्यातलीच आहे, काही असतं तर तिला कधीच कळलं असतं. बरोबर ना?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना रडू येत होतं.

"आई?"

"उद्या सकाळी इकडे ये. रक्त द्यायला."

 मग लेकीने हळूच विचारलं, "मागच्या दोन्ही वेळी तुला माहीत होतं?"