कोमेर म्हणजे खाणे

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मी इंग्रजीत तीनदा गटांगळ्या खाल्ल्या. चौथ्या वेळी वडील म्हणाले, "पुरे आता. इंग्रजी आलं नाही म्हणून कुणाचं जेवण अडत नाही." त्यानंतर तीस वर्षं खरोखरच माझं काही अडलं नाही. आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, माझ्या हातात सहा पानं पडली. डावीकडे इंग्रजी क्रियापदं, उजवीकडे त्यांचे पोर्तुगीज अर्थ. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मी वृद्धाश्रमात सेविका आहे. तिसरा मजला, आठ खोल्या, आठ म्हाताऱ्या. उठवणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं, गोळ्या देणं आणि केलेल्या प्रत्येक कामापुढे तक्त्यावर खूण करणं, हे माझं काम. आठ नंबरच्या खोलीत मॅडम होत्या. जन्म परक्या देशातला, भाषा पोर्तुगीज, लग्न इकडच्या माणसाशी. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून आमच्याकडे आल्या. आल्या तेव्हा सगळ्यांशी इंग्रजीत बोलायच्या आणि माझं "गुड मॉर्निंग" रोज दुरुस्त करायच्या. मला तेव्हाही त्यांचा राग यायचा.

मग त्यांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि इंग्रजी पुसून गेलं. चाळीस वर्षं जे शिकवलं ते साफ गेलं आणि लहानपणची पोर्तुगीज तेवढी उरली, तीही चिमूटभर. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाहिजे तो शब्द पाहिजे तेव्हा सापडत नाही, पण समोर लिहिलेलं असलं तर वाचता येईल. छान. आमच्या गावात पोर्तुगीज लिहिणारं कोण बसलंय? लेकीच्या फोनलाही विचारून पाहिलं. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, कृपया पुन्हा बोला. मॅडमना पुन्हा बोलता आलं असतं तर फोनचे पाय कशाला धरले असते.

इतकं झालं तरी मी नेटाने काम केलं असतं. पण मॅडमनी जेवण सोडलं. पाणी घ्यायच्या, काळा चहा घ्यायच्या. सकाळचं कुस्करलेलं केळं, दुपारचं सूप, संध्याकाळचं कस्टर्ड, यांतलं काहीही पुढे केलं की ओठ मिटायचे ते मिटायचेच. पहिले दोन दिवस एकेक चमचा कसाबसा गेला. मग तोही थुंकला, माझ्या धुतलेल्या एप्रनवर.

अकराव्या दिवशी, सोमवारी, डॉक्टरांनी घसा तपासला. "चहा गिळतात म्हणजे घसा शाबूत आहे. खायचंच नाहीये त्यांना. गुरुवारी सकाळपर्यंत निदान अर्धी वाटी पोटात गेली पाहिजे, नाहीतर नाकातून नळी."

नळी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. नळीवाले पेशंट आमच्याकडे ठेवत नाहीत. त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात आणि तिथून या मजल्यावर परत आलेलं माणूस मी एकही पाहिलेलं नाही.

घरी जाऊन मी लेकीवर चिडले. ती बिचारी कॉम्प्युटरवर बसली आणि ती सहा पानं छापून माझ्यापुढे ठेवली.

"मराठी कुठंय?" मी विचारलं.

"मराठीतून पोर्तुगीज असं कुठे मिळालंच नाही गं आई. इंग्रजीतून जावं लागेल."

"म्हणजे शेजारच्या घरी जायला आधी स्टेशनवर जायचं?"

तिने पेनाने तिसरा रकाना आखला आणि दोनशे क्रियापदांपुढे मराठी लिहून दिलं, उच्चारांसकट. असा तो द्राविडी प्राणायाम. मी भांडी घासताना घोकत होते: ईट, कोमेर, खाणे. ओपन, अब्रीर, उघडणे. स्वॅलो, एंगोलीर, गिळणे. नवरा म्हणाला, "मंत्र म्हणतेयस की शिव्या देतेयस?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

मंगळवारी दुपारी नेहमीसारखी तयारी केली. मॅडमच्या चार गोळ्या खलात कुटल्या, सुपात मिसळल्या, वरून ढवळलं. गोळी तशीच दिली तर त्या ती जिभेखाली धरून ठेवायच्या, म्हणून सगळ्या सेविका हेच करतात. मी नव्या मुलींनाही हेच शिकवते. मग खुर्चीशेजारी उभी राहून चमचा पुढे केला आणि मोठ्याने म्हटलं, "अब्रीर. कोमेर. एंगोलीर."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शाळेच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी च्च केलं. डाव्या हाताने माझ्या खिशातली पानं ओढली, मांडीवर पसरली, मधल्या रकान्यात बोट फिरवलं आणि एका शब्दावर ठेवलं. "कोमेर," त्या वाचून म्हणाल्या. मग ते बोट माझ्याकडे केलं.

"हो हो, तेच तर म्हणतेय मी. कोमेर. तुम्ही खा," मी म्हटलं आणि चमचा पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा कोमेर, पुन्हा माझ्याकडे बोट. माझा उच्चार चुकला असेल असं वाटून मी तोच शब्द पाच वेळा म्हटला. पाचव्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी पहिलं पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आणि माझा छळ सुरू झाला.

पहिलंच क्रियापद असणे. इंग्रजीत एक, पोर्तुगीजमध्ये दोन. माझी आई एका 'आहे'वर सगळा संसार करून गेली, या लोकांना दोन लागतात. मॅडम शब्द वाचायच्या आणि बोट माझ्याकडे. मी नुसता शब्द म्हटला की च्च. शेवटी कळलं की शब्द करून दाखवायचा. आता 'असणे' कसं करून दाखवतात? मी उभी राहिले. तेवढं पुरलं. चालणे, चालून दाखवलं. बसणे, उठणे. पळणे आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, माझे गुडघे." त्यांनी बोट हलवलं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत मी पलंगापासून बेसिनपर्यंत पळाले. हसणे आलं तेव्हा मला रडू येत होतं. पडणे आलं तेव्हा पलंगावर पडले आणि दोन मिनिटं उठलेच नाही. मी केलं की त्या मान हलवायच्या आणि पुढच्या ओळीवर जायच्या. जेवणाचं ताट तसंच निवत पडलेलं. एका जेवणाला पंधरा मिनिटं असा नियम आहे. मी पाऊण तास नाचून तक्त्यावर भोपळा मांडला.

मेट्रनबाईंनी तक्ता पाहिला. "आज काहीच नाही?"

"शिकतेय," मी म्हटलं.

"तुला शिकायला पगार देत नाहीत."

बुधवारी सकाळी केळं परत गेलं आणि आमचं दुसरं पान सुरू झालं. धुणे, पुसणे, ओढणे, ढकलणे. मी मनातल्या मनात मॅडमना काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही. उद्या ही बाई नळी लावून जाणार आणि आज मला ढकलणे शिकवतेय. माणसाने मास्तरकी कुठवर करावी? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. मला त्यांची कीव येत होती आणि कीव येते याचाही राग येत होता.

दुपारी सूप आलं. मी गोळ्या कुटून घातल्या, ढवळलं. ताटात नेहमीप्रमाणे दोन चमचे होते, एक सुपाचा, एक पाण्याचा. मॅडमनी दुसरं पान बाजूला सारलं, तिसरंही उघडलं नाही. पहिल्या दिवशीच्याच शब्दावर बोट ठेवलं. "कोमेर." बोट माझ्याकडे. मग त्यांनी दुसरा चमचा उचलला, डाव्या थरथरत्या हाताने सुपात बुडवला, अर्धं सूप मांडीवर सांडलं आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं.

एव्हाना मला सवय लागली होती. बोट माझ्याकडे म्हणजे मी करायचं. पळ म्हटलं की पळायचं, पड म्हटलं की पडायचं. तरी मी थबकले. पेशंटच्या ताटातला कणही सेविकेने तोंडात घालायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. घातला तर त्या दिवशी घरी. पूर्वी कुणी कुणी पेशंटचं दूध पिऊन टाकायचं, म्हणून तो नियम झाला, आणि तो योग्यच आहे. माझ्या पगारावर लेकीची फी चालते. मी मान हलवून नाही म्हटलं.

मॅडमचा हात खाली येत नव्हता. त्या चिडल्या नव्हत्या. ढ पोराला शेवटची संधी देताना चांगल्या बाई जशा बघतात तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी खाल्लं.

जिभेवर पडलं आणि माझे डोळे मिटले. इतकं कडू मी जन्मात काही तोंडात घातलं नव्हतं. घशाच्या तळापर्यंत जहर. मी बेसिनकडे धावले, चुळा भरल्या, तरी कडवटपणा जिभेला चिकटलेलाच. चार गोळ्या, दिवसातून तीन वेळा. केळ्यात, सुपात, कस्टर्डमध्ये. बारा दिवस, तेरा दिवस, मी माझ्या हाताने कुटत होते, आणि वर "एवढं छान सूप आहे, खा ना" म्हणत होते. फक्त चहात आणि पाण्यात काही घालत नव्हते. तेवढंच त्या पीत होत्या.

आमच्यातल्या एकीलाही हे कळलं नव्हतं, कारण चाखायला बंदी. आणि मॅडमना सांगता येत नव्हतं. कडू हा शब्द त्या सहा पानांत नव्हता, तिथे सगळी क्रियापदं. म्हणून त्यांनी होतं त्यात भागवलं होतं. आधी थेट सांगून पाहिलं, तू खाऊन बघ. मला समजलं नाही. मग पहिल्या ओळीपासून धरून दोन दिवस मला एवढंच शिकवलं, की मी बोट दाखवीन ते तू करायचं. आणि मी समजत होते की बाईला मास्तरकी चढलीय. मला माझी इतकी लाज वाटली की बेसिनवरून मान वर करवेना.

"काय चाललंय?"

दारात मेट्रनबाई. माझ्या हातात चमचा, हनुवटीवर सूप. नाकारायला जागाच नव्हती.

"तू पेशंटचं जेवण खाल्लंस?"

"खाल्लं."

"खाली ये. कागद तयार करते."

"येते. आधी तुम्ही एक चमचा खा."

त्यांना वाटलं मला वेड लागलं. मी सूप ढवळलं, ताटातला पहिला चमचा भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "बाई, वीस वर्षं तुमच्या हाताखाली आहे. कधी काही मागितलं नाही. कागदावर सही करते, आत्ता घरी जाते. पण उद्या यांना नळी घालण्याआधी एवढा एक चमचा खा."

"नियम..."

"नियमच खा म्हणतेय मी."

मेट्रनबाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कागदावर बोट ठेवलं आणि ते मेट्रनबाईंकडे वळवलं. "कोमेर."

बाईंनी चमचा घेतला, ओठाला लावला आणि तोंडात घातला. त्यांचा चेहरा मी वीस वर्षं पाहतेय, तो हलत नाही. तो हलला. थुंकायला त्या बेसिनपर्यंत पोचल्या नाहीत, रुमालातच थुंकल्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या. राउंडवर असताना त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांच्याच जेवणात असं घालतो आपण?" त्यांनी विचारलं.

"ज्यांना गोळी गिळता येत नाही त्या सगळ्यांच्या."

मग त्यांनी उठून सुपाची वाटी बेसिनमध्ये ओतली, डॉक्टरांना फोन लावला आणि पातळ औषधांबद्दल विचारायला लागल्या. बोलता बोलता मला हाताने खूण केली: खाली जा, स्वयंपाकघरातून नवीन सूप आण. कागदाचं काय ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मी जिना उतरून गेले, चढून आले. वाटीत नुसतं भोपळ्याचं सूप, वाफाळतं. येतानाच एक चमचा चाखला होता, मीठ बरोबर होतं. मॅडमसमोर बसले. चमचा भरला, पण पुढे करवेना. आधी काहीतरी म्हणायला हवं होतं आणि मराठीत म्हणून उपयोग नव्हता. सहा पानं उलटसुलट केली. पाचव्या पानावर लेकीच्या अक्षरात सापडलं: माफ करणे. हे करून कसं दाखवायचं, काही सुचेना. नुसतंच वाचलं, "पेरदार."

मॅडमनी च्च केलं. कागद ओढून घेतला, शब्दावर बोट ठेवलं, तुकडे पाडून वाचला आणि बोट माझ्याकडे केलं. मी म्हटलं. च्च. पुन्हा म्हटलं. पुन्हा च्च. सूप निवत होतं, दारात मेट्रनबाई उभ्या होत्या, माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ही बाई मला सोडायला तयार नव्हती.

"पेर-दु-आर," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं.