मंगळवारी यांच्याजवळ कोण बसेल?

हेल्मेटची सक्ती उठली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुचाकी संघटनेचे अध्यक्ष फुलांचा गुच्छ घेऊन आमच्या दारात हजर. म्हणाले, वहिनी, रविवारी सभागृहात विजयाचा कार्यक्रम आहे, यांना घेऊन यायचंच, ही लढाई त्यांचीच. मी एका हाताने गुच्छ घेतला. दुसऱ्या हातात यांच्या दाढीचा ब्रश होता.

लढाई यांनी सुरू केली हे खरंच. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावर दिवसभर डोक्याला कडक टोपी, मग निदान घरी येताना तरी केसांना वारा लागू दे की, असं त्यांचं म्हणणं. ‘माझं डोकं, माझा प्रश्न’ ही पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. आणि सक्तीविरुद्धच्या अर्जावर पहिली सही माझी. खोटं कशाला बोलू, कुणी हात धरून करायला लावली नव्हती. गाडीवर मागे बसलं की त्यांचं गुणगुणणं मला ऐकू यायचं, ते मला आवडायचं.

अपघात तरी केवढासा! वळणावर सांडलेली वाळू, गाडीचा वेग सायकलीएवढा, डोकं उघडं. गाडीला साधा ओरखडा नाही. हे मात्र दीड महिना सरकारी दवाखान्यात बेशुद्ध होते, आणि घरी आले ते असे. चालतात, जेवतात, हसतात. गॅस चालू ठेवून झोपतात, दार उघडून रस्त्याला लागतात. मी कोण ते सकाळी आठवतं, दुपारी पुसलं जातं. दोन वर्षं झाली. डोकं त्यांचं होतं, प्रश्न माझा झालाय. आंघोळसुद्धा मी दार किलकिलं ठेवून करते.

अशा माणसांना दिवसा सांभाळायला सरकारने एक केंद्र काढलंय. वीस खुर्च्या, आणि रांगेत दोनशे जण. तिथली बाई म्हणाली, सक्ती होती तेव्हा रांग वाढायची थांबली होती, आता परत वाढेल बघा. मी तिच्यावर खेकसले. आमच्या माणसाला गुन्हेगार ठरवू नका म्हणाले. मग जिन्यात येऊन रडले, कारण ती बरोबर बोलत होती आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मला हवा होता फक्त मंगळवार. चष्म्याच्या दुकानात एकवीस वर्षं मी काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. मालकीणबाईंचा निरोप आला होता: आठवड्यातून एक दुपार, निदान मंगळवारची तरी ये, नाहीतर पुढच्या महिन्यात तुझं टेबल दुसरीला द्यावं लागेल. तिथे आम्ही चौघी असायचो. हात चालायचे, तोंडं त्याहून जास्त. घरात आता बोलायचं मीच आणि उत्तर द्यायचं तेही मीच. ते टेबल गेलं तर मलाही वेड लागेल, अशी मला खरोखरच भीती वाटत होती.

रविवारी गेलो. सभागृह गच्च, दोनशे तरी माणसं. यांना पहिल्या रांगेत बसवलं, टाळ्या झाल्या, हेही वाजवायला लागले. भाषणांत स्वातंत्र्य, स्वातंत्र्य. आम्ही कुणाच्या बापाचं काय घेतो, असंही एकाने विचारलं. जो तो येऊन मला म्हणत होता, वहिनी, कधीही हाक मारा. दोन वर्षं हेच ऐकतेय. म्हटलं, आज मारूनच बघू.

मी उठून माइक हातात घेतला. “तुम्ही सगळे म्हणता, हाक मारा. मारते. मंगळवारी दुपारी यांच्याजवळ कोण बसेल? चार तास. सगळ्यांनी नावं दिलीत तर एकेकाची पाळी चार वर्षांनी येईल.”

लोक हसले. मी एक कोरा कागद पहिल्या रांगेत दिला. तो हातोहात मागे जाताना मी बघत राहिले. कुणाचं मंगळवारी दुकान, कुणाची कंबर, कुणाची सासू आजारी. यांचा कामावरचा जुना जोडीदार तर म्हणाला, वहिनी, त्याला असं बघवत नाही हो. मला रोज बघवतं, मी काय दगड आहे? अध्यक्ष समजूत घालायला आले. हे काम सरकारचं आहे, केंद्र वाढवा म्हणून आपण निवेदन देऊ. मी विचारलं, निवेदन माझ्या घरी येऊन बसेल का? त्यांनी घड्याळात पाहिलं.

कागद परत आला तो कोराच. माणसं चहाकडे वळली, बाहेर गाड्या सुरू व्हायला लागल्या. कागद हातात धरून मी तशीच उभी राहिले.

तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. कुणाचं अडलं की आधी धावणारा माणूस, ती सवय कुठेतरी शिल्लक असणार. माझ्यासमोर आले, अदबीने, परक्या बाईपुढे उभं राहावं तितकं अंतर ठेवून. सकाळीच मला ‘अगं’ म्हणून हाक मारली होती त्यांनी.

“वहिनी,” हे हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही काळजी करू नका. कामाला जा. तुमच्या मिस्टरांजवळ मी बसतो.”

मी कोऱ्या कागदाची घडी घातली.

“किती वाजता येऊ?”

“दोनला या,” मी म्हटलं.