एका गावचे सहाजण

दैवशालाबाई गेल्याची बातमी आली, तेव्हा माझ्यावर चारजण मुलाखतीची वाट पाहत बसले होते. शेजारचे चहावाले रामकिसन दारात येऊन म्हणाले, "घरी जा बाप्पा. बाई आता दवाखान्यातून येत न्हाईत." तरी चौघे बराच वेळ उठले नाहीत.

मित्रांनो, मी त्याच कार्यालयातला एक जुना बाक आहे. जालन्यात मस्तगडला बसून बाई लोकांना नोकऱ्या लावून देत आणि कारखान्यांना माणसं. तातेराव सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं, त्याला एकवीस वर्षं झाली. बाईंना खुर्ची होती, पण त्या बसायच्या माझ्यावर, आलेल्या माणसाच्या शेजारी. "समोर बसलं की माणूस पाठ केलेलं बोलतो," म्हणायच्या. नोकरी सुटलेले माझ्यावर बसून रडले आहेत. बाई त्यांना विचारायच्या, "काम गेलं, हात गेले का?" कारखानदार बाईंचं कौतुक करत. मला ते पुरत असे.

मग दोन महिने मी धुळीत होतो. नंतर बाईंचे पती बद्रीनाथकाका यांनी कुलूप उघडलं. ते एसटीचे ड्रायव्हर होते. बियाण्यांच्या एका कंपनीला पॅकिंगसाठी सहा माणसं हवी होती. मंठ्याकडच्या एका खेड्यातून सहाजण एकाच जीपमधून आले. काकांनी सहाही पाठवले. बाई एका गावचे दोनच एका ठिकाणी लावत. का, ते काकांनी कधी विचारलं नव्हतं.

महिन्याभरात कळलं. त्या गावात हरिनाम सप्ताह होता. काल्याच्या दिवशी सहाहीजण गावी गेले आणि माणसांविना पॅकिंगचं मशीन बंद राहिलं. कंपनीच्या मॅनेजर इंद्रायणीताई स्वतः येऊन माझ्यावर बसल्या.

"काका, सगळेच्या सगळे काल्याला! सहाहीजणांना काढून राह्यले मी."

काका खुर्चीतून उठले आणि माझ्यावर, ताईंच्या शेजारी बसले. "चूक माझी हाय, ताई. एकाच स्टॉपवर गाडी भरली की ड्रायव्हर खूश. इथं ते चालत न्हाई."

"मंग?"

"दोघं ठेवा. चौघांना मी दुसरीकडं लावतो. तुम्हाला चार गावचे चार देतो, परवा सकाळी. बराबर येतील."

"बाईंसारखं बोलून राह्यलात."

"तिचंच शिकून राह्यलो. जरा उशिरा."

ताई हसल्या. ठरलेल्या सकाळी चार गावचे ते चौघे वेळेवर हजर झाले. काढलेल्या चौघांपैकी तिघांना काकांनी आठवड्यात सळयांच्या कारखान्यांत लावलं. राहिला तो कडूबा. वय सत्तेचाळीस. सप्ताहात मृदंग वाजवतो. सगळ्यांना गावी नेलं ते यानंच, म्हणून ताई घेत नाहीत. बाकीचे कारखानदार वय विचारून फोन ठेवतात. काका पुढचा नंबर लावतात. सात ठिकाणी विचारून झालं, आठवं उद्या आहे.

मित्रांनो, माझा एक पाय हलतो. वेळ मिळाला तर खिळा ठोका. पण त्याआधी माझ्यावर कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर शेजारी बसा आणि त्याला काय येतं ते विचारा.

पाचजण कामावर आहेत. कडूबाला अजून नोकरी लागलेली नाही.