डंका कोण चालवणार?

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वालीवच्या एका कारखान्यात गेली, रोलरमध्ये. उरलेली तीन आहेत, पण चिमटा काढला तरी कळत नाही. 'अरेरे' म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या, मध्येमध्ये नको.

मला डंका घ्यायचा होता. म्हणजे मसाला कुटायचं मशीन. उन्हाळ्यात आमच्या आचोळ्यात बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन रांगा लावतात, आणि आत्याची पुढची खोली अगदी रस्त्याला लागून. आत्या म्हणजे पुतळाबाई, तिनेच मला वाढवलं. असा हात बघून नोकरी कोण देणार होतं मला? डंका आला असता तर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. अपंगांच्या योजनेतून बँक कर्ज देणार होती, फक्त सरकारी दाखला हवा होता, चाळीस टक्के किंवा जास्त अपंग असल्याचा.

आता आत्याची तऱ्हा ऐका. अपघातानंतर तिने मला वेणी, बटणं, परकराची नाडी, भाकरी, सगळं नव्याने शिकवलं होतं. "कोनासमोर लुळं पडायचं नाय, रचना," हे तिचं पालुपद. तपासणीला जाताना तिने मला इस्त्रीचा ड्रेस घालायला लावला, पावडर लावली. मुलगी बघायला येणार असल्यासारखं.

डॉक्टर म्हणाले, वेणी घाला. घातली. बटण लावा. लावलं. पाण्याचा ग्लास दिला, तो गटागट पिऊन परत केला. "भाकरी पण थापून दाखवू का?" असं वर विचारलंसुद्धा. डॉक्टर हसले. दारात उभ्या आत्याचा चेहरा असा, जसा काही माझा पहिला नंबर आला.

दाखला आला. छत्तीस टक्के.

माझा राग आख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण तो आलाच नाही. मी चहा ठेवला, प्यायले, कप धुतला. आत्याच रडली. "मीच तुला शिकवली ना गं," म्हणाली.

पुन्हा तपासणी मागता येते असं कळलं. मग आत्याने उलटी शिकवणी सुरू केली. समोर बसायची, ग्लास द्यायची आणि म्हणायची, "सोड. सांडू दे पानी." माझी बोटं मेली धरूनच ठेवायची. "परत धरलास! कसली गं तुझी सवय!" असं ओरडायची आणि फडकं घेऊन स्वतःच लादी पुसायची. शेवटी जमलं मला. न जमणं जमलं.

दुसऱ्या वेळी डॉक्टर नवा होता, कोवळा पोरगा. ग्लास माझ्या मांडीवर सांडला. तो घाईघाईने कापूस घेऊन धावला, "सॉरी ताई, सॉरी," म्हणाला. मला त्याची दया आली. स्वतःबद्दल काहीच वाटलं नाही. बेचाळीस टक्के मिळाले.

बँकेत साहेबांनी दाखला वाचला, माझा हात बघितला.

"बेचाळीस टक्के. मग डंका कोण चालवणार?"

"मीच."

"कशा? येईल तुम्हाला?"

"साहेब," मी म्हटलं, "आधी तुम्ही सांगा. येतं म्हणू की येत नाही म्हणू?"

ते आत्याकडे बघायला लागले. तिच्याबरोबर तिचा मुलगा विकी आला होता. तो दिवसभर पार्सलं पोहोचवतो, घरात साधा मिक्सर लावत नाही. तो म्हणाला, "मी चालवणार, सर." साहेबांचं काम सोपं झालं. चालवणारा म्हणून विकीचं नाव लागलं, कर्ज मंजूर झालं.

डंका आला. चालवते मीच. मिरची घालते, हलवते, चाळते, परत कुटते. विकी सकाळी बाइक काढतो तो संध्याकाळीच दिसतो. भुईगावच्या थेरेसा मावशी पार तिकडून रिक्षा करून येतात, म्हणतात, तुझ्यासारखा बारीक कुणी काढत नाही. ते ऐकून बरं वाटतं. तेवढंच एक बरं वाटतं हल्ली.

बँकवाले तपासायला येतात तेव्हा आधी फोन करतात. मग विकी सुट्टी टाकतो, डंक्याजवळ उभा राहतो, आणि मी हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसते.

परवा असेच साहेब आले. रांग होती. थेरेसा मावशींचाच मसाला चालू होता, आणि विकीने तो न चाळताच डब्यात भरायला घेतला.

"अरे अरे, काय करतो हा!" मावशी ओरडल्या. "वर्षाचा मसाला आहे माझा! साहेब, ह्याला बाजूला करा. ही चालवते रोज. रचना, ऊठ ना गं, बसलीस काय अशी?"

रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. साहेबही. आत्याने मान खाली घातली. डंका धाडधाड चालूच होता.

"मला येत नाही मावशी," मी म्हटलं. आणि हात वर करून सगळ्यांना दाखवला. "हा बघा ना कसा आहे."

साहेब म्हणाले, "बसा ताई, बसा तुम्ही."

मी बसूनच राहिले.