चौदावी ओळ

रंबाल्दो माझे सासरे, त्यांचा मुलगा उबेर्तीनो माझा नवरा, त्याचा मुलगा लोदोविको. आणि लोदोविकोची लेक निकोलोसा, जी कविता करी. मोंतेरिव्हाच्या या घराण्याने सेनापती दिले, धर्मगुरू दिले; कवी ही पहिलीच, आणि तीही मुलगी. लोदोविको कुरकुरे, "आईसाहेब, यमकांनी हिचं लग्न जुळणार आहे का?" मी त्याला रेशमाच्या किड्यांचा पाला मोजायला पाठवी.

मला तिची गरज होती.

आमच्यातली रीत अशी, की कुणी सुनीत पाठवले तर त्याच्याच चौदा अंत्यशब्दांवर आपले सुनीत रचून उत्तर द्यायचे. तोवर आपण देणेकरी. ओर्सिनाचे सुनीत एक्केचाळीस वर्षे माझ्या पेटीत पडून होते. ओर्सिना माझी बालमैत्रीण. भावांनी तिला बळेच तळ्यातल्या बेटावरच्या मठात घातले. नेण्याच्या दिवशी पहाटे ती पळून आमच्या बागेच्या दारापर्यंत आली होती. दार उघडले नाही. सासऱ्यांनीच ते लावून घेतले, असे सारे जग मानत आले. मठातून आलेल्या तिच्या सुनिताची शेवटची ओळ होती: 'सांग सखे, आतून कुणी लावले ते दार?'

त्या वसंतात निरोप आला. ओर्सिनाची दृष्टी गेली आहे. तुतीचा पाला निबर होईतो ती टिकत नाही. देणे ठेवून मी तिला जाऊ देणार नव्हते.

निकोलोसाला बोलावून ओर्सिनाच्या सुनिताचा कागद दिला आणि माझ्या नावाने उत्तर रचण्यास फर्मावले. तीन दिवस ती रेशमाच्या माडीवर बसून होती. हजारो किडे पाला कुरतडत, आणि दूर कुठे सर पडते आहे असे वाटे. त्या आवाजात तिचे ओठ हलत. जणू घरच झोपेत बोलत होते.

चौथ्या दिवशी तिने तेरा ओळी आणल्या. इतक्या सुंदर, की माझ्या म्हणून मिरवायला मी एका पायावर तयार होते. चौदावीची जागा कोरी.

"ही का राहिली?"

"तिनं प्रश्न विचारलाय, आजी. पणजोबांचं नाव घालून पाहिलं. ओळ बसते, पण खोटी वाजते."

"तुझं काम रचायचं. न्याय करायला कुणी सांगितलं?"

"तेरा माझ्याकडून घे. चौदावी तुझी तूच लिही."

या घरात माझ्यापुढे असे कोणी बोलले नव्हते. मी होडी काढायला सांगितली आणि तिलाही बरोबर घेतले.

धुके एवढे, की वल्हे पाण्यात पडते की ढगात, कळेना. मठाची घंटा कधी पुढून वाजे, कधी मागून, कधी माझ्या बालपणातून.

मठात भेटीच्या खोलीतल्या जाळीपलीकडे ओर्सिना बसली होती, मिटल्या डोळ्यांनी. निकोलोसाने तेरा ओळी वाचल्या आणि ती थांबली. ओर्सिनाने कान पुढे केला. चौदावी मी कागदावर उतरवली नव्हती. मी ती नुसती म्हटली:

'मीच, सखे, भिऊन मीच लावले ते दार.'

मग ओर्सिना हसली.

"फटीतून तुझा श्वास ऐकला होता मी. एक्केचाळीस वर्षं लागली, गधडे, एक ओळ जुळवायला?"

जाळीतून तिने दोन बोटे बाहेर काढली. मी ती धरली.

"फिटलं," ती म्हणाली. "सगळं फिटलं."