खाचेआडचा ठिपका

ठिपक्याची पट्टी मंजूर झाली. टाळ्यासुद्धा वाजल्या, दोन माणसांच्या वाजतात तेवढ्या. पण हे आत्ता कळून काही उपयोग नाही, तेव्हा ते झालंच नाही असं धरून चालू. कारण गुरुवारी सकाळी अकरा वाजता तसं काही झालेलं नव्हतं आणि होण्याची लक्षणंही दिसत नव्हती.

ऑफिसात माणसं तीन. मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, म्हणजे दोघं म्हणत. प्रोग्रामर, वय बत्तीस, पण कंबर दुखते म्हणून नाव पडलं काका. आणि डिझायनर, ज्याला काहीही काढायला सांगितलं तरी तो शेवटी एक ठिपका काढून ‘झालं’ म्हणत असे. त्याचं नाव काय पडलं असेल हे सांगायला नको.

तिघं मिळून वेळ मोजणारं अ‍ॅप बनवत होते. कामाला बसलात की चालू करायचं, उठलात की थांबवायचं, आठवड्याच्या शेवटी कळतं की आपण काहीच केलं नाही. अ‍ॅपचं नाव ‘घटका’. ते साहेबांनी ठेवलं होतं. घटका भरली म्हणजे काय होतं, हे त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नव्हती.

ठिपक्याकडे मेनू बारचं काम होतं. मेनू बार म्हणजे पडद्याच्या वरच्या काठाची बोटभर पट्टी, जिथे घड्याळ, बॅटरी आणि वाय-फाय बाकावर दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांना ‘जरा सरका हो’ म्हणत घटकेला तिथे बसवायचं होतं. ठिपक्याने अर्थातच ठिपका काढला. भरीव म्हणजे चालू, पोकळ म्हणजे बंद.

“हे काय, माशी बसली होती का?” साहेब म्हणाले. “कामाचं नाव दिसू दे. पूर्ण.”

“आणि सेकंद,” काका म्हणाला. “सेकंद पळत नसतील तर घड्याळ मेल्यासारखं वाटतं.”

“आणि तास भरला की ‘शाब्बास’ असं यायला हवं,” साहेब म्हणाले. “माणसाला पाठीवर थाप लागते.”

असं करत करत ठिपक्याची गोगलगाय झाली आणि गोगलगायीची मालगाडी. त्यात अंकांची रुंदी सारखी नाही. एकचा आकडा काडीसारखा, चारचा ढेरपोट्या. त्यामुळे दर सेकंदाला घटकेची पट्टी कूस बदलायची आणि शेजारची बॅटरी ढुशा खात डावी-उजवीकडे सरकायची.

एवढं चाललं असतं. पण बुधवारी ठिपक्याने वैतागून आपल्या कामाला नाव दिलं : ‘पट्टी, अंतिम, खरंच अंतिम, आता साहेबांनी हात लावू नये’. आणि घटका चालू केली.

तिघांच्याही लॅपटॉपच्या पडद्याला वर मधोमध कॅमेऱ्यासाठी खाच होती. पट्टीवरची एखादी गोष्ट फार लांब झाली की ती सरकत सरकत त्या खाचेच्या मागे जाते, आणि गेली की दिसत नाही. अर्धीमुर्धी नाही, अख्खी गुडुप. गुरुवारी अकरा वाजता ठिपक्याच्या लक्षात आलं की त्याची घटका चालू आहे, पण ती थांबवायचं बटण खाचेच्या मागे आहे.

“काका, थांबवता येत नाहीये.”

“का, ब्रेक फेल?” काकाने खुर्ची सरकवत येऊन पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. “वा. असं तर ठरवूनही जमलं नसतं.”

आता एरवी यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण ठिपक्याला शुक्रवारची रजा हवी होती. आणि साहेबांचा नियम असा, की रजेचा अर्ज घटकेतूनच करायचा, आणि घटका चालू असताना अर्ज उघडत नाही. “काम चालू असताना माणूस रजेवर कसा असेल?” असं ते विचारत. न सांगता जायचीही सोय नव्हती. मागच्या महिन्यात त्याने तसा एक दिवस बुडवला होता आणि साहेबांनी शांतपणे सांगितलं होतं, “पुढच्या वेळी कायमचीच देऊ.”

शुक्रवारी दुपारी त्याची ताई गाव सोडून चालली होती. नवरा, मुलगी आणि सतरा खोकी घेऊन, दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे ठिपक्याला ताईनेच वाढवलं होतं, म्हणजे धोपटलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

“उद्या येतोस ना रे?”

“येतो गं.”

“तुझं ‘येतो’ मला माहितीये. माझ्या लग्नात येतो म्हणालास आणि फोटोत फक्त तुझी चप्पल आहे.”

“यायचं नक्की. फक्त एक बटण सापडत नाहीये.”

“शर्टाचं?”

“नाही गं, घड्याळाचं.”

“दोनला ट्रक निघतो,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

“काका, तू आतून बंद कर ना. दोन ओळींचं काम आहे तुझ्यासाठी,” ठिपका म्हणाला.

“एका ओळीचं आहे. पण साहेबांना विचार.”

साहेबांचं उत्तर तयारच होतं. “जे ग्राहकाला करता येत नाही, ते आपणही करायचं नाही. ग्राहकाच्या घरी काका आहे का?”

“ग्राहकाच्या घरी काका असू शकतो,” काका म्हणाला.

“आपला नाही.”

म्हणजे रस्ता एकच. घटकेची पट्टी इतकी बारीक करायची की ती खाचेमागून आपण होऊन बाहेर येईल. आणि त्यासाठी ज्याने जे जे त्यात कोंबलं होतं, ते ते त्याच्याच हाताने काढून घ्यायचं.

काका तासाभरात वळला. सेकंद वर नकोत, ठिपक्यावर टिचकी मारली की खाली उघडणाऱ्या यादीत पळू देत, असं ठरलं. “पण पळाले पाहिजेत,” काका म्हणाला. “त्यांना चालायला लावायचं नाही.”

साहेब मात्र ढिम्म. “नाव राहणार. माणसाला आपण काय करतोय ते कळायला हवं.”

“जो करतोय त्याला माहीत असतं, साहेब.”

“मला माहीत नसतं.”

‘शाब्बास’बद्दल विचारल्यावर तर साहेबांनी नुसतंच खिडकीबाहेर पाहिलं.

शुक्रवार उजाडला. सकाळी दहाला ठिपका साहेबांच्या केबिनमध्ये शेवटचं नाक घासायला गेला आणि त्याची नजर साहेबांच्या पडद्यावर गेली. तिथेही पट्टीवर घटका नव्हती.

“साहेब, तुमची कुठाय?”

“काय कुठाय?”

“घटका. सोमवारी चालू केली होतीत ना?”

साहेबांनी सोमवारी नऊ वाजता कामाचं नाव टाकलं होतं, ‘कंपनीच्या भविष्याचा सखोल व सर्वांगीण विचार’. तेही खाचेमागे गेलं होतं. काकाने येऊन अ‍ॅपच्या आतून डोकावून आकडा सांगितला. सत्त्याण्णव तास.

ठिपक्याला वाटलं, आता तरी पटेल. पण साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“सत्त्याण्णव,” ते म्हणाले. “म्हणजे मी झोपेतही करत होतो.”

“अंघोळीतही,” काकाने भर घातली.

“मला वाटतच होतं. मग थांबवायचं कशाला?”

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं. ताईकडे जायला बसने दीड तास. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याला ठिपक्याऐवजी वाक्य सुचलं.

“साहेब, चालू आहे तोवर तो आकडा कोणालाच दिसत नाही. थांबवल्याशिवाय अहवालात छापला जात नाही.”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. “कुणालाच?”

“कुणालाच. जंगलात मोर नाचला, कोणी पाहिला?”

“नाव वरून काढा, खालच्या यादीत टाका,” साहेब म्हणाले. मग घसा खाकरून, “‘शाब्बास’ही काढा. सत्त्याण्णव वेळा आलं असेल, ते बरं नाही दिसत.”

सव्वाअकराला काकाने नवी आवृत्ती चढवली. तिघंही ठिपक्याच्या पडद्यापुढे वाकले. आधी काहीच झालं नाही. मग खाचेच्या उजव्या कडेने एक भरीव ठिपका असा बाहेर आला, जणू आत्तापर्यंत पाणी प्यायला गेला होता. टाळ्या वाजल्या. ठिपक्याने टिचकी मारली, यादी उघडली. वरच्या ओळीत सेकंद पळत होते. त्याखाली कामाचं नाव होतं. पूर्ण.

ते साहेबांनी सावकाश वाचलं.

“‘साहेबांनी हात लावू नये’?”

“ते… कामाचं नाव आहे, साहेब.”

“मी कुठे हात लावतो?” साहेब दुखावल्या सुरात म्हणाले. “मी बोट दाखवतो.” आणि त्यांनी पडद्यावर ‘थांबवा’ या शब्दावर बोट ठेवलं. तिथे ठसा उमटला. ठिपक्याने त्याच ठशावर बाण नेऊन टिचकी मारली, अर्ज उघडला, अर्ध्या दिवसाची रजा मिळाली, आणि जिन्यावरून उतरताना त्याने एकही पायरी मोजली नाही.

दीडला तो पोचला. दार सताड उघडं, खोल्या रिकाम्या, आवाज घुमत होता. ताईने एक खोकं त्याच्या हातात दिलं.

“मदतीला आलायस की तपासणीला?”

“वेळेत आलोय, ते बघ.”

“बघतेय. चप्पल आहे, वर माणूसही आहे.”

भाचीने विचारलं, “मामा, तू दिवसभर काय करतोस?” त्याने सांगितलं, ठिपका काढतो. ती म्हणाली, “मलाही येतो,” आणि खोक्यावर काढून दाखवला. चांगला होता.

ट्रक दहा मिनिटं उशिरा निघाला. तो कोपऱ्यावरून वळल्यावर ठिपका तिथेच फुटपाथच्या कडेला बसला, पिशवीतला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि रजेचा नवा अर्ज उघडला.

‘विषय : झालेला कालावधी पुनश्च मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदारास आज दुपारी दीड ते दोन वाजून दहा मिनिटे असा एकूण चाळीस मिनिटांचा कालावधी प्राप्त झाला. पैकी बावीस मिनिटे खोकी उचलण्यात, अकरा मिनिटे उर्वरित खोक्यांवर बसून बहिणीशी भांडण्यात व सात मिनिटे कोणीही काहीही न बोलण्यात खर्ची पडली. सबब, शेवटची सात मिनिटे अर्जदारास आहे त्याच जागी, त्याच माणसांसह पुन्हा एकदा मंजूर करण्यात यावीत, व त्या कालावधीत कोणतेही घड्याळ चालू ठेवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’